कुकुरुस दोआनचं बेट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका कार्टूनबद्दल बोलायचं आहे. घरात नातवंडं असतील तर त्यांनाही जवळ घेऊन बसा. मध्येच ती काही अडचणीचे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं मात्र तुमची तुम्हीच द्यायची.

14 जुलै 1979, शनिवारची संध्याकाळ. जपानमध्ये नागोया टीव्हीवर साडेपाच वाजता ‘मोबाइल सूट गंडाम’ या मालिकेचा पंधरावा भाग लागला. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. मालिका रोबोंची. माणूस आत बसून चालवतो असे अजस्र यंत्रमानव आणि त्यांच्या मारामाऱ्या. प्रायोजक होती क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी, म्हणून नायकाचा रोबो, गंडाम, पांढरा, निळा, लाल, पिवळा असा दुकानाच्या काचेत उठून दिसेल अशा रंगांचा. हे सगळं मुलांच्या खिशातले, म्हणजे खरं तर बापाच्या खिशातले, पैसे काढण्यासाठी.

पण मालिकेची सुरुवात ज्या निवेदनाने होते ते ऐकलं की खेळण्यांचा विसर पडतो. अवकाशातल्या वसाहतींपैकी एक, झिऑन, स्वतंत्र व्हायचं म्हणून पृथ्वीच्या संघराज्याशी युद्ध पुकारते. महिनाभरात निम्मी माणुसकी... निम्मी मानवजात म्हणायचं होतं मला, पण पहिला शब्दही चुकीचा नाही. निम्मी मानवजात मरते. आणि माणसं स्वतःच्याच कृत्याला घाबरतात. हे वाक्य निवेदकाच्या तोंडी आहे, दर आठवड्याला, आठ-दहा वर्षांच्या मुलांसमोर.

आता त्या पंधराव्या भागाकडे येऊ. भागाचं नाव ‘कुकुरुस दोआनचं बेट’.

नायक आमुरो रे पंधरा वर्षांचा पोरगा आहे. परिस्थितीने त्याला रोबोत बसवलंय आणि आता तो संघराज्याच्या बाजूने लढतोय. मदतीचा संकेत आला म्हणून तो छोटं विमान घेऊन एका बेटावर जातो. तिथे त्याची गाठ पडते शत्रूच्या रोबोशी, झाकूशी. पण हा झाकू विचित्र आहे. याच्या हातात बंदूक नाही. हा दगड फेकतो. डोंगराच्या कड्याचे धोंडे उचलून भिरकावतो, गावच्या वेशीवर परका दिसला की पोरं करतात तसं.

आमुरो पडतो, विमान हातचं जातं. त्या झाकूत असतो दोआन, झिऑनच्या फौजेतून पळालेला सैनिक. बेटावर त्याच्यासोबत काही अनाथ मुलं आहेत. ती आमुरोला पाहून दगड मारतात. ‘निघून जा’ म्हणतात. आमुरोला कळेना, या मुलांना शत्रूच्या सैनिकाचा एवढा लळा कसा.

मग दोआन सांगतो. या मुलांचे आईबाप माझ्याच हातून मेले. त्यानंतर हुकूम आला, मुलांनाही मारा. ते माझ्याच्याने झालं नाही. मुलांना घेतलं आणि पळालो.

एवढंच. रडारड नाही, पार्श्वसंगीताचा पूर नाही. खरं सांगायचं तर चित्रंही धड नाहीत. या भागाचं ॲनिमेशन इतकं कच्चं आहे की जपानी चाहते आजही त्यातल्या काडीसारख्या हातापायांच्या झाकूची टिंगल करतात. अमेरिकेत मालिका दाखवली गेली तेव्हा हा भाग त्यात नव्हता, आणि तो दिग्दर्शकाच्याच सांगण्यावरून वगळला असं म्हणतात. मला मात्र तो वाकडातिकडा झाकू जास्त पटतो. पळून आलेल्या, दुरुस्तीला सामान नसलेल्या माणसाचं यंत्र चकचकीत कसं असेल?

अनाथ मुलं हा जपानसाठी गोष्टीपुरता विषय नव्हता. 1948 साली सरकारने मोजणी केली तेव्हा युद्धानंतरच्या जपानमध्ये पोरकी मुलं सव्वा लाखाच्या आसपास भरली. टोकियोच्या उएनो स्टेशनच्या भुयारी वाटांत ती राहायची, बूटपॉलिश करायची, भीक मागायची, थंडीत मरायची. तोमिनोचा जन्म 1941 चा. युद्ध संपलं तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. 1979 साली टीव्हीसमोर बसलेल्या मुलांच्या आईबापांपैकी कित्येक जण त्याच पिढीतले. मूल रोबो बघत होतं, पण मागून चहाचा कप घेऊन जाताना आईच्या कानावर दोआनचं बोलणं पडलं असेल तर ती थांबली असेल.

आता दोआनच्या गुन्ह्याबद्दल. फौजेच्या भाषेत तो भगोडा. हुकूम मोडला, सरकारी यंत्र पळवलं. कुठल्याही सैन्यात याला कडक शिक्षा आहे. पण नाझी युद्धगुन्हेगारांवर खटले चालवण्यासाठी केलेल्या 1945 सालच्या न्यूरेंबर्गच्या सनदेत आठवं कलम आहे. त्यात म्हटलंय की वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्यावर आरोपी सुटणार नाही, फार तर शिक्षा कमी करताना त्याचा विचार होईल. म्हणजे हुकूम पाळला तरी पकड, मोडला तरी पकड. सैनिकाला या कात्रीत धरून आपण बाकीचे लोक घरी बसतो.

ही कात्री नुसती कागदावरची नाही. 16 मार्च 1968 रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन तुकडीने शेकडो निःशस्त्र गावकरी मारले, त्यात म्हातारे होते, बायका होत्या, तान्ही मुलं होती. वर हेलिकॉप्टरमध्ये ह्यू थॉम्पसन नावाचा त्यांचाच एक पायलट होता. त्याने जीव मुठीत धरून पळणारे गावकरी आणि मागे लागलेले सैनिक यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवलं. आपल्या साथीदारांना सांगितलं, आपल्या लोकांनी यांच्यावर गोळ्या झाडल्या तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. प्रेतांनी भरलेल्या खंदकातून त्यांनी एक जिवंत मूल बाहेर काढलं. थॉम्पसनला मायदेशी काय मिळालं? शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या. या गोष्टीसाठी सैन्याने सन्मानाने पदक दिलं ते 1998 साली, म्हणजे तीस वर्षांनी. आणि ज्या एकाच अधिकाऱ्याला दोषी ठरवलं, त्या लेफ्टनंट कॅलीचा बचाव होता, मी हुकूम पाळला.

थॉम्पसनचं कौतुक करताना मला दोआन आठवतो, कारण दोघांत एक मोठा फरक आहे. थॉम्पसनचे हात स्वच्छ होते. दोआनचे नाहीत. आपल्याला नकार देणारा माणूस सुरुवातीपासून निर्मळ लागतो, म्हणजे हार घालायला सोपं जातं. हा भाग तसं करत नाही. ज्याने आईबाप मारले तोच मुलांना जेवू घालतोय. मुलांचा त्याच्यावर जीव आहे, आणि तो जीव खोटा आहे असं म्हणायची माझी तरी छाती नाही. याला प्रायश्चित्त म्हणावं तर तो शब्द दोआन कुठेच वापरत नाही. तो मासे, पाणी, पहारा यात गुंतलेला आहे.

शेवटी झिऑनचा दुसरा झाकू त्याला शोधत येतो. आमुरोचा गंडाम आता तयार आहे, बंदुकीसकट. तो मदत करू पाहतो. दोआन म्हणतो, नको, रोबोंची कुस्ती कशी असते ती बघ. आणि मग आखाड्यातल्यासारखा नुसत्या मुठींनी भिडतो, जिंकतो.

कुठल्याही शहाण्या लेखकाने गोष्ट इथे संपवली असती. शत्रू मेला, मुलं वाचली, टाळ्या. पण आमुरो दोआनला म्हणतो, तुमच्या अंगाला लढाईचा वास चिकटलाय, त्या वासावर हे पाठलाग करणारे येतात. तो वास मला घालवू द्या. आणि दोआनचा झाकू उचलून समुद्रात फेकून देतो.

पहिल्यांदा बघताना मला हे फार उदात्त वाटलं. नंतर मात्र राग आला. अरे बाबा, तुझा रोबो तुझ्यापाशीच आहे की! तू त्यात बसून पुन्हा युद्धावरच निघालास. नि:शस्त्र कोण झालं? ज्याच्यामागे पोरं आहेत तो. जगात बलाढ्यांनी दुबळ्यांना शांततेचे धडे नेहमी असेच दिलेत, स्वतःचा दारूगोळा काखोटीला मारून. आमुरो चांगला मुलगा आहे, त्याचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण त्याचा तर्क तपासून बघा. झाकू नसता तर झिऑनने दोआनला सोडून दिलं असतं का? भगोड्याला फौज यंत्रासाठी शोधते की उदाहरण घालून द्यायला शोधते? मला दुसरं खरं वाटतं.

दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं, नाहीतर तोमिनोवर अन्याय होईल. दोआनच्या झाकूकडे बंदूक नव्हती, तरी तो झाकूच होता. त्याने आमुरोचं विमान पाडलंच. मुलं दगड मारायला शिकली ती त्याला पाहूनच. संरक्षणासाठी ठेवलेलं हत्यार घरातल्या लहान मुलांना काय शिकवतं, हे आमुरोला दोन दिवसांच्या पाहुणचारात दिसलं असावं. दोआनला ते आतून ठाऊक होतं, म्हणूनच तो अडवत नाही.

मालिका तेव्हा चालली नाही. 52 भाग ठरले होते, 43 वर गुंडाळली. पुढे बांदाई कंपनीने 1980 मध्ये जोडायचे प्लास्टिकचे गंडाम बाजारात आणले आणि नशीब पालटलं. आज झाकूचे नमुनेही तितक्याच हौसेने घेतले जातात. समुद्रात टाकलेला रोबो दुकानात पुन्हा उभा राहिला, आता याला काय म्हणावं!

2022 साली या एका भागावर अख्खा सिनेमा आला. मूळ मालिकेची पात्रं ज्याने रेखाटली त्या योशिकाझु यासुहिकोने तो केला. चित्रं देखणी झाली, मुलांची संख्या वाढली, बेटावर शेळीही आली. पण शेवट तोच ठेवला. आमुरो झाकू उचलतो आणि समुद्रात टाकतो.

माझी तक्रारही तीच राहिली. मूळ भागात आमुरो दोआनची परवानगी मागतो, नम्रपणे मागतो. त्या रात्रीपासून ज्यांना बिनपहाऱ्याचं झोपायचं होतं, त्या मुलांना कुणीच विचारलं नाही.

नमस्कार.