नळीमागच्या रेघा

[दृश्य : नागपूर, पहाट. चर्चच्या आवारात दोन गाड्या.]

निवेदन : औषधांची खोकी, वजनकाटा, बीपीचं मशीन, तांदळाचं एक पोतं. नागपुरातल्या ख्रिस्ती डॉक्टर-नर्सेसची ही तुकडी भामरागड तालुक्यातल्या माडिया गोंड आदिवासींच्या एका गावी निघाली आहे. छोटीशी प्रार्थना होते. 'आमेन' पुरतं म्हणून व्हायच्या आत ड्रायव्हर गाडी सुरू करतो. त्याला रस्ता माहीत आहे. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली आणि मग जंगल.

नागपूर आणि मिशन हे नातं जुनं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. नागपूरकरांना ते कॉलेजच्या नावापुरते ठाऊक. पण गोंडांच्या चालीरीती आणि गाणी या माणसानं टिपून ठेवली होती. ती टिपणं १८६६ मध्ये छापली गेली, तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ, रात्री पुराचा नाला ओलांडताना ते बुडाले. आज शिबिर हिवाळ्यात घेतात, ते उगाच नाही. पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी नागपूरच्या पेपरात पावसाळ्यात ठरलेलीच.

[दृश्य : गाव. शाळेचा व्हरांडा.]

इथे डॉक्टर पहिल्यांदाच पोहोचला, असं दाखवायचा मोह कॅमेऱ्याला होतो. ते खोटं ठरेल. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना १९७३ पासूनचा, तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, गावात आशाताई आहे. आजची रांगही तिनंच लावली. कोण तापानं पडलंय, कोण लाजून घरात बसलंय, हे तिला पाठ आहे. डॉक्टरांचं मराठी ती माडियात सांगते, आणि उत्तर येतं ते बऱ्याचदा प्रश्नापेक्षा लांब.

मलेरियाची तपासणी झटपट होते. बोटाला टोचणी, पट्टीवर थेंब, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. गोळ्या इथेच मिळतात.

वेळ लागतो तो सिकलसेलला, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला.

[दृश्य : नळी, मागे काळ्या रेघांचा कागद.]

नळीत रसायन आहे. नर्स त्यात रक्ताचा थेंब सोडते, हलवते आणि थोड्या वेळानं नळी कागदापुढे धरते. मागच्या रेघा दिसल्या, तर काळजी नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे या आजाराचं सदोष हिमोग्लोबिन आहे. पण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते आणि ती व्हरांड्यात होत नाही.

मध्य भारतात हा आजार असल्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच केली होती. देशव्यापी मोहीम सुरू व्हायला २०२३ उजाडलं. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला, त्याला मलेरिया सहसा जिवावर उठण्याइतका होत नाही. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघांकडूनही मिळाला, तर मात्र आयुष्यभराचं दुखणं.

[दृश्य : रांगेतला एक बाप, मांडीवर मूल.]

या पोराच्या हातापायांची बोटं सुजली आहेत, डोळे पिवळे आहेत. आधी पुजाऱ्याकडे नेऊन आणलं, बाप सरळ सांगतो. डॉक्टर मॅडम रागावत नाहीत. "दादा, पोराला पाणी भरपूर पाजा. थंडीत गरम कपड्यात ठेवा. ताप आला तर थांबू नका."

धर्माचं काय, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात असणारच, आणि असावा. औषधाच्या बदल्यात धर्म, हा संशय मिशनवर जुनाच आहे. या तुकडीनं स्वतःला नियम घातलाय : केसपेपरवर धर्माचा रकाना नाही, रांगेत प्रवचन नाही. संध्याकाळी मंडळी आपापसात प्रार्थना करतात, गावातली पोरं पेटीभोवती गोळा होतात, तेवढंच. हा नियम पुढच्या तुकड्याही पाळतील का, हे एका शिबिरावरून कळत नाही.

[दृश्य : सामान आवरणं.]

गढूळ निघालेल्यांची यादी तयार होते. आशाताई विचारते, "मॅडम, रिपोर्ट धाडाल कोनाच्या फोनवर? इथं तं रेंजच नाही."

मग ठरतं : एक यादी आरोग्य केंद्रात, दुसरी तिच्या पिशवीत. बैठकीला ती केंद्रावर जातेच, रिपोर्ट तिथून आणेल. त्या पोराला मात्र रिपोर्टची वाट न पाहता गडचिरोलीला न्यायचंय. बाप म्हणतो, धान निघालं की जाऊ. मॅडम म्हणतात, त्याच्या आधी. आशाताई दोघांच्या मध्ये उभी राहून माडियात बरंच काही बोलते. बाप शेवटी विचारतो, गाडीत जागा आहे का?