फणस कुणी लावला?

(दृश्य : दक्षिण गोव्यातली काणकोणची डोंगरवाट. काजूच्या झाडांत एक जुना फणस. बुंध्याला हात लावून उभी एक आजी.)

"हो पणस म्हज्या मांवान लायिल्लो," आजी सांगते. सासऱ्याने लावलेला फणस, त्याच्याखाली दगडी बांध, पलीकडे नाचणीचा तुकडा. सरकारी नकाशावर इथे नुसतं जंगल आहे.

गावडा, कुणबी, वेळीप, या गोव्यातल्या आदिवासी जमाती. गोव्याची जमीन पहिल्यांदा कसली ती यांनीच, असं मानलं जातं. डोंगरात ते कुमेरी करत. उतारावरचं रान तोडून जाळायचं, राखेत नाचणी पेरायची, मग ती जागा काही वर्षं मोकळी ठेवायची. पुढे कुमेरीवर बंदी आली, अभयारण्यांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि कसणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमण करणारा ठरला.

अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत यांची संख्या दीड लाखाच्या आसपास, राज्याच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त. तरी २०२२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या ४० जागांत यांच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. ती वाट मोकळी करणारा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. धनगर समाजाची दर्जाची मागणी तर अजून दाराबाहेरच उभी आहे.

(दृश्य : दक्षिण गोव्यातल्याच बाळ्ळी गावचा रस्ता. निवेदक काही क्षण गप्प.)

२५ मे २०११. आदिवासींच्या हक्कांसाठीच्या आंदोलनाला इथे हिंसक वळण लागलं आणि मंगेश गावकर व दिलीप वेळीप हे दोन तरुण आगीत गेले. दर वर्षी त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. वाहावीच. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी, आईबापांपासून तोडून नेलेल्या आदिवासी पिढ्यांची संसदेत माफी मागितली. असा शब्द उच्चारायलाही छाती लागते. पण हार घालून झाला की गाडीत बसायचं, ही आपल्या पुढाऱ्यांची सवय मला खटकते.

कारण खरं काम ग्रामसभेत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, दावा करता येतो. पण त्यासाठीच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, त्यांत किमान एक तृतीयांश बायका. काजूच्या हंगामात दुपारी सभा लावली तर कोण येणार? सरपंचाने, आमदाराने लोकांची सवड विचारून संध्याकाळ ठरवावी आणि स्वतः शेवटपर्यंत बसावं, तेही खुर्ची सोडून चटईवर. दाव्यांवर निर्णय देणाऱ्या जिल्हा समितीचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. दावा फेटाळला तर कारण लेखी गेलं की नाही, हे त्यांनी फाइल उघडून पाहावं.

आणि पुरावा? पोर्तुगीज काळातला कागद कुणाकडे असणार! नियम त्यापेक्षा शहाणे आहेत. जुनी विहीर चालते, दफनाची जागा चालते, देवाची राई चालते, शेताचा बांध चालतो. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही चालतो, फक्त तो लिहून घ्यावा लागतो.

(दृश्य : पुन्हा फणस. शेजारचे आजोबा काठी टेकत चढ चढतात. मागे पाहणीला आलेली माणसं.)

आजोबा बांधावर टेकतात. लिहिणारा वही उघडतो आणि कोकणीतच विचारतो, फणस कुणी लावला?