भूगोलाच्या बाई आणि आयर्विनचा आकडा

नमस्कार मंडळी. गुरुपौर्णिमेनिमित्त बोलायला सांगितलंत आणि डोळ्यांपुढे आमच्या भूगोलाच्या बाईच आल्या.

सांगलीकरांचा पावसाळ्यातला प्रश्न एकच, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. बाईंनी तो वर्गात आणला. जुलै लागला की 1929 सालच्या त्या पुलाकडून येणाऱ्या पोरांनी पातळी बघून यायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. शेजारी बाईंच्या अक्षरात, 40 इशारा, 45 धोका.

एकदा गावात लख्ख ऊन आणि आकडा चढतच होता. बाईंनी पदर खोचला, निळा खडू घेतला आणि महाबळेश्वरापासून रेघ ओढली. माहुलीला वेण्णा येऊन मिळाली, कऱ्हाडला कोयना. ‘आता सांगा, पाऊस कुठं पडलाय?’ आम्ही ओरडून सांगितलं. मग सांगलीच्या खाली, हरिपुरात, त्यांनी वारणा आणून जोडली. ‘वारणाही भरून आली तर कृष्णा पुढं सरकणार कशी? मागं फुगणारच की!’ त्या ‘की’ला खडू फळ्यावर आपटून तुटला.

थंडीत त्यांनी आम्हाला हरिपूरला चालत नेलं. संगमेश्वराच्या घाटावर दशम्या खाल्ल्या, मग हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, बघितली. एका पेवाच्या तोंडाशी बाई ओणव्या झाल्या आणि माती चिमटीत चुरून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. या मातीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं टिकते, हे मला तेव्हा कळलं ते अजून हाताला आठवतं.

पण मला बाई सगळ्यात जास्त आवडल्या त्या पूर ओसरल्यावर. नदीकाठच्या पोरांची दप्तरं भिजलेली असायची. बाई स्वतः कोऱ्या वह्या आणायच्या, शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत बसून एकेक नकाशा पुन्हा काढायच्या. कुणालाही त्याबद्दल अवघडल्यासारखं वाटू दिलं नाही. असं माणूसपण मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

2019 च्या ऑगस्टात पातळी 57 फुटांच्या वर गेली. इथं बसून मी घरी फोन केला आणि पहिलं विचारलं, ‘कोयनेतनं किती सोडलंय, वारणा किती आहे?’ नंतर बाईंना फोन लावला. त्या सुखरूप होत्या. त्यांनीच मला विचारलं, ‘तुझ्या गावाला नदी कुठली रे? पाणी कुठनं येतं तिला?’ बराच वेळ मी सांगत होतो, त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या.

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेतली मुलं मी येत्या शनिवारी इथल्या नदीवर नेणार आहे. यायचं असेल त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावं द्या. डबा ज्याचा त्याने आणायचा आहे.