पॉइंट्स मोजायचे की बंदरं

(दृश्य: पहाटेचं टर्मिनल, बॅगा, दोन रांगा)

या दोन रांगा नीट बघा. डावीकडची साधी, तिला नाव नाही. उजवीकडची, निळी पट्टी लावलेली, ती प्रायॉरिटीवाल्यांची. आम्ही कॅमेरा लावला तेव्हा साधी रांग भराभर सरकत होती आणि प्रायॉरिटीची मागे पार दारापर्यंत गेली होती. पण तिथे कुणी वैतागलेलं नव्हतं, सगळे एकमेकांना एकच विचारत होते, तुमच्या किती झाल्या? किती म्हणजे रात्री, समुद्रावर काढलेल्या.

हा व्हिडिओ त्या रात्रींच्या हिशेबाबद्दल आहे. क्रूझ कंपन्यांचे लॉयल्टी प्रोग्रॅम, म्हणजे परत परत येणाऱ्यांना वरच्या पायऱ्या देणाऱ्या योजना, त्यातले फायदे, आणि पुढची क्रूझ ठरवताना त्यांचं किती ऐकायचं.

(दृश्य: कार्डाचा क्लोज-अप, दार उघडतं)

हे कार्ड. यानेच केबिन उघडते, यावरच बारचं बिल चढतं, आणि बऱ्याच जहाजांवर त्याच्या रंगावरून समोरच्याला कळतं की तुम्ही नवे की जुने. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घेऊ, त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. एका रात्रीला एक पॉइंट, स्वीट, म्हणजे मोठी महागडी केबिन, घेतला तर डबल. 3 पॉइंटला गोल्ड, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला पिनॅकल. पायऱ्यांमधलं अंतर बघा ना, सुरुवातीच्या जवळजवळ, आणि मग एकदम 175 वरून 700. सातशे रात्री म्हणजे सात-सात दिवसांच्या शंभर क्रूझ. आणि मिळतं काय, तर डायमंडला दिवसाला चार ड्रिंक्स फ्री, वरच्यांना थोडी जास्त, वेगळं लाउंज, बोर्डिंगला पुढे, असं.

(दृश्य: छोटा सोहळा, गळ्यात मेडल, टाळ्या)

हे दृश्य आम्हाला मिळालं आणि आम्ही ते कापलंच नाही. हॉलंड अमेरिका नावाच्या क्रूझ कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये खरंच मेडल देतात. 100 दिवसांना ब्रॉन्झ, 300 ना सिल्व्हर, 500 ना गोल्ड, 700 ना प्लॅटिनम. पायऱ्या तिथे स्टारमध्ये मोजतात, 200 दिवस झाले की चौथा स्टार लागतो आणि मग कपडे धुवून इस्त्री करून केबिनमध्ये येतात, पैसे न घेता. हसू नका, तीन आठवड्यांच्या प्रवासात ही लाँड्री फार मोठी गोष्ट असते, अर्धी बॅग हलकी होते.

(दृश्य: जुने फोटो, विमानतळ, कागदी तिकिटं)

हे सगळं आलं कुठून? विमानांकडून. अमेरिकेत 1978 मध्ये विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं सुटली, भाडी कोसळली, माणसं आज इकडे उद्या तिकडे उडायला लागली, आणि प्रवाशाला धरून कसं ठेवायचं या विचारातून 1981 च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज नावाचा प्रोग्रॅम काढला. उडालेल्या मैलांची नोंद ठेवायची आणि ठराविक मैल झाले की बक्षीस द्यायचं. हॉटेलांनी तेच केलं, क्रूझवाल्यांनी तेच केलं. फरक एवढाच की विमानात आपण तीन तास असतो आणि जहाजावर सात दिवस, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, त्यामुळे आपली पायरी दिवसभर आपल्याबरोबर फिरत असते.

आणि पायरी चढायची ओढ का लागते, यावर चांगलं संशोधन झालंय. 1930 च्या दशकात क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की चक्रव्यूहातला उंदीर खाणं जवळ आलं की वेग वाढवतो. माणसांचा प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, जोसेफ नून्स आणि झेवियर ड्रेझ यांचा. गाडी धुवायला येणाऱ्यांना त्यांनी कार्डं वाटली. निम्म्यांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं पण दोन शिक्के आधीच मारलेले. म्हणजे दोघांनाही आठ वेळाच यायचं होतं, एका वॉशचाही फरक नाही. कोरं कार्ड पूर्ण करणारे 19 टक्के निघाले, आणि दोन शिक्केवाले 34 टक्के.

हे ऐकल्यावर मी क्रूझच्या कार्डाकडे परत बघितलं. पहिली क्रूझ संपून घरी येतो तोवर आपण गोल्ड झालेलो असतो. काही मागितलं नव्हतं, शिक्का मात्र बसलाय.

(दृश्य: जहाजावरचं बुकिंग डेस्क, ब्रोशर, रांग)

आता हे डेस्क. प्रवास अजून संपलेला नाही, आणि इथे पुढच्या प्रवासाचं डिपॉझिट भरलं जातंय. आम्ही इथे दोन दुपारी शूट केलं, दोन्ही वेळा गर्दी. ब्रोशर चाळताना लोकांचं बोट कुठे थांबतं ते बघत होतो, आणि बऱ्याच जणांचं बोट नकाशावर थांबतच नव्हतं, रात्रींच्या आकड्यावर थांबत होतं. सात रात्री, नऊ रात्री, चौदा रात्री.

हे जोडपं, निळा शर्ट आणि शेजारी त्यांच्या बाई, यांना वरच्या पायरीला चाळीस रात्री कमी होत्या. तोच मार्ग त्यांनी अकरा वेळा केलाय. बंदराला जहाज लागतं तेव्हा आता खाली उतरत नाहीत म्हणाले, सगळं बघून झालंय. आम्ही विचारलं, मग कुठे जायचं राहिलंय? दोघं एकदमच म्हणाले, ग्लेशियर बे.

(दृश्य: ग्लेशियर बे, बर्फाची भिंत, शांत पाणी. इथे दहा सेकंद निवेदन नाही.)

अलास्कातलं ग्लेशियर बे नॅशनल पार्क. इथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजं आत सोडतात, आणि त्याचे परवाने ठराविक कंपन्यांकडे आहेत, त्यात प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकाचा वाटा मोठा. तुमचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल आणि ते सोडवत नसेल, तर मग दुसरी एखादी हिमनदी बघायची, आणि त्याही सुंदर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला ही बघायची होती ना?

अजून पुढे जाऊ. अंटार्क्टिकात पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज कुणालाच किनाऱ्यावर उतरवू शकत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. गॅलापागोसमध्ये तर शंभर प्रवाशांपेक्षा मोठं जहाज फिरूच शकत नाही. व्हेनिसमध्ये इटलीच्या सरकारने 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी केली, त्यामुळे डेकवरून जो नजारा लोक वर्षानुवर्षं दाखवायचे तो त्या जहाजांवरून आता दिसत नाही. म्हणजे कुठे जाता येईल हे जहाजाचा आकार, परवाने आणि बंदराचे नियम ठरवतात. तुमच्या सिल्व्हर-गोल्डला तिथे कुणी विचारत नाही.

(दृश्य: टेंडर बोटी, किनाऱ्याकडे जाताना)

कार्डाचा खरा फायदा जिथे दिसला ती जागा पण दाखवायला हवी. ही सॅन्टोरिनी. मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि माणसं छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जातात. अशा ठिकाणी काही कंपन्या वरच्या पायरीवाल्यांना पहिल्या बोटींत बसवतात, आणि जहाज तिथे थोडेच तास असेल तर तो वाचलेला वेळ सोन्यासारखा असतो. हे मी मनापासून मान्य करते. मार्ग तोच, आठवडा तोच, भाडं जवळपास तेवढंच, केबिन तशीच, आणि एका कंपनीत तुमची लाँड्री फ्री, टेंडरला नंबर आधी, तर डोळे झाकून तिथेच जा.

पण फायद्याची किंमत लावताना एक गोष्ट करा. ती वस्तू फुकट नसती तर मी स्वतःच्या खिशातून घेतली असती का, आणि कितीला? दिवसाला चार ड्रिंक्स, बरोबर, पण तुम्ही एकच घेत असाल तर बाकीच्या तिन्हींची किंमत शून्य. लाउंजचं म्हणाल तर हे बघा.

(दृश्य: भरलेलं लाउंज, खुर्ची शोधणारी माणसं)

संध्याकाळी साडेसहा. इथे कुणीही नवं नाही. सगळे वरच्या पायरीचे, आणि बसायला जागा नाही.

आणि पायरीचे नियम आपल्या हातात नसतात हे लक्षात ठेवा. कार्निव्हलमध्ये कितीतरी वर्षं दिवसाला एक पॉइंट असा सरळ हिशेब होता, 75 ला प्लॅटिनम, 200 ला डायमंड. 2025 मध्ये कंपनीने जाहीर केलं की नव्या पद्धतीत पायरी खर्चावर ठरणार आणि ती दोन-दोन वर्षांच्या मुदतीत मिळवावी लागणार. एकाच मालकीच्या कंपन्यांतही एकसारखं नाही. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, सगळ्या एकाच कॉर्पोरेशनच्या, पण एकीतली पायरी दुसरीत चालत नाही. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी या कंपन्यांमध्ये मात्र चालते, आणि एमएससी ही क्रूझ कंपनी तर दुसऱ्या कंपनीचं कार्ड बघून स्वतःची पायरी देते, त्याला स्टेटस मॅच म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते उगाच एकाच दाराशी उभे राहतात.

मी स्वतः हे केलंय. एका कंपनीत तीस रात्री पूर्ण व्हाव्यात म्हणून मी मार्ग न बघता चार रात्री घेतल्या, त्यातले दोन दिवस नुसतंच पाणी आणि एक बंदर वादळामुळे रद्द. प्लॅटिनम झाले. आईला ग्रीसला न्यायचं त्या वर्षी राहिलं, पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले.

(दृश्य: परत बुकिंग डेस्क. जोडपं. पेन.)

निळ्या शर्टवाल्यांनी त्या दुपारी काय केलं ते आमच्याकडे पूर्ण शूट झालेलं आहे. आधी त्यांनी चौदा रात्रींचं पान उघडलं, तोच मार्ग, बारावी वेळ. बाईंनी ब्रोशर त्यांच्या हातातून घेतलं आणि फोनवर एक नकाशा काढून समोर ठेवला, दुसऱ्या कंपनीचा, त्यात त्यांची पायरी शून्य, साधी रांग, ड्रिंक्सचे पैसे वेगळे. दोघं बराच वेळ बोलत राहिले. डेस्कवरच्या मुलाने मध्ये एकदा त्यांच्या चाळीस रात्री किती लवकर भरतील ते सांगितलं, ते ऐकून त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं, तिला म्हणाले, बाल्कनी कुठल्या बाजूला घ्यायची, बर्फ डावीकडे दिसतो की उजवीकडे?

(दृश्य: बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो. मूळ आवाज. मग काळा पडदा.)