केराच्या टोपलीतला लुई

(जुन्या रेकॉर्डांच्या शौकिनांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या जॅझ रेकॉर्डमधली खरखर कमी करण्याचे उपाय’. यातला ‘उपाय’ हा शब्द आयोजकांचा. मी म्हटलं होतं, नुसतं ‘खरखर’ छापा. ते म्हणाले, मग कुणी फिरकणार नाही. उपाय म्हटलं की माणसं येतात, मग गुडघा दुखत असो की रेकॉर्ड.

मला खरं तर एवढंच सांगायचंय की खरखरीचा निकाल पिनेच्या टोकाशी लावायचा असतो. तिथे जे जमलं नाही त्यातलं थोडंसं संगणकावर जमतं, आणि तिथे फार हात चालवला तर वाजवणाराच नाहीसा होतो. हे मी तुम्हाला अमेरिकेतला ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग याच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’वर दाखवणार आहे. मुद्रण शिकागोचं, २८ जून १९२८चं, ओकेह कंपनीसाठी झालेलं. माझ्याकडे आहे ती इंग्लंडच्या पार्लोफोन कंपनीची प्रत. वीस मिनिटं बोलेन, मग ऐकू.

आधी ही खरखर येते कुठून ते पाहू. तुम्ही सगळे जाणकार आहात, तरी ही रेकॉर्ड जरा हातात घेऊन बघा. पाडू नका. पाडलीत तर व्याख्यान इथेच संपेल. लोक म्हणतात ही लाखेची असते. त्यात लाख असते साधारण पाचवा हिस्सा, कधी थोडी जास्त, कधी कमी. बाकी पाटीच्या दगडाची भुकटी, चुनखडी, काजळी आणि थोडे सुताचे तंतू. म्हणजे आपण ज्या पाटीवर अ आ ई गिरवलं, तीच दळून त्यावर लुई गातो. लाख फक्त हे सगळं धरून ठेवते. ग्रामोफोन काढणाऱ्या एमिल बर्लिनरनं १८९०च्या दशकात आधी कडक रबराच्या तबकड्या करून पाहिल्या. नंतर हा लाखेचा लगदा उचलला तो बटणं बनवणाऱ्या एका कारखान्याकडून. शर्टाचं बटण आणि जॅझ, दोघांची आई एकच.

आणि लाख आपली. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा बसतो आणि राळ सोडतो. छोटा नागपूरच्या जंगलातून ती जगभर जायची. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजं अडली, तेव्हा एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं लाखेचा बिगरलष्करी वापर पूर्वीच्या तीस टक्क्यांवर आणला. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी मोडीत आणून द्या, अशी पाळी तिथल्या गिऱ्हाइकांवर आली. पळसावरच्या किड्यानं शिकागोचा बाजा बंद पाडला म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे लाख म्हटलं की आधी लाक्षागृहच आठवतं. पुरोचनानं घर बांधलं तेच मुळी जाळण्यासाठी. मीही लाखेचं एक घर जाळलंय, ते सांगतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, गिरगावात चाळीत राहायचो. चोरबाजारातून अकरा रेकॉर्ड आणल्या, दोन-दोन रुपयांना. विकणारा वजनावर द्यायला तयार होता. त्यात एक रेक्स लेबलची होती, क्रिकेट स्मिथ आणि त्याचे सिंफोनियन्स. हा माणूस अमेरिकेतला ट्रम्पेटवाला. लिऑन ॲबी १९३५च्या अखेरीस आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्यांच्यातला. पुढे यानं स्वतःचा बँड काढला आणि १९३६ मध्ये मुंबईतच रेकॉर्ड केल्या. क्रिकेट नावाचा माणूस मुंबईत येतो आणि ट्रम्पेट वाजवतो, यावर आमच्या चाळीत कुणाचा विश्वास बसेना. वडिलांनी विचारलं, ‘बॉलर की बॅट्समन?’

रेकॉर्ड मळलेल्या होत्या. खालच्या मजल्यावर एक कंपाउंडर राहायचे, त्यांच्याकडून स्पिरिटची बाटली मागून आणली आणि कापसाच्या बोळ्यानं पुसायला बसलो. कापूस काळाकुट्ट झाला. मला काय आनंद! चाळीस वर्षांचा मळ निघतोय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसरा, चौथा. जितकं घासावं तितका मळ. शेवटी वाळायला म्हणून ‘क्रिकेट’ला वर्तमानपत्रावर पालथा ठेवला आणि झोपलो. सकाळी उचलायला गेलो तर पेपर वर येतो आणि रेकॉर्डही वर येते. सोडवली तेव्हा तिच्यावर त्या दिवसाची बातमी उलटी वाचता येत होती.

शेजारच्या खोलीत सुतार कपाटाला पॉलिश करत होते. बघायला आले, बोटानं चाचपलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘साहेब, ही चपडी आहे, लाखेची. चपडी स्पिरिटमधेच विरघळते. मी काय करतोय सकाळपासून? मला दिली असतीत तर कपाटाचं दार तरी चमकलं असतं.’ मुंबईत मुद्रित झालेला तो अमेरिकन माणूस मी बोळ्याबोळ्यानं पुसून काढला होता. परत ती रेकॉर्ड मला मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर चहाच्या वेळी भेटा. पैशाचं बोलू.

तेव्हा उपाय क्रमांक एक. स्पिरिट, थिनर, कोलन वॉटर, काही म्हणजे काही लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाका, लेबल झाका. मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, नुसत्या पाण्यानं परत धुवा, लगेच टिपा आणि उभी ठेवून वाळवा. काही जुन्या कोलंबिया रेकॉर्डच्या आत कागदाचा थर असतो. तडा गेला असेल तर पाणी आत शिरतं आणि पोट फुगतं. त्यांना पाण्याची आंघोळ नको.

आता ती दगडाची भुकटी मुळात का घालायची, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, पण मी उत्तर देणार आहे. पोलादी पिन टोकदार असते आणि खाचेत नीट बसत नाही. म्हणून रेकॉर्ड मुद्दाम खरखरीत करायची, की पहिल्या काही फेऱ्यांत पिन घासून खाचेच्या मापाची होईल. वर शंभर ग्रॅमहून जास्त वजनाचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारा डबा. म्हणजे कंपन्यांनी खरखर पीठ मळतानाच आत घातली होती, मिठासारखी. आणि म्हणूनच डबीवर लिहिलेलं असायचं की एका बाजूला एक पिन वापरा आणि टाका.

टाका! आपल्या घरात? आमच्या आजोबांची एक पिन महिनाभर चालायची. मग ते ती स्वयंपाकघरातल्या पाट्यावर घासायचे आणि परत लावायचे. आजी म्हणायची, ‘चटणीत लोखंड, गाण्यात खडे, या घरात काही धड नाही.’ घासून घासून छिन्नी झालेली ती पिन खाचेच्या भिंती कोरत जायची. आज बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डमधली निम्मी खरखर कंपनीची नाही, आपल्या काटकसरीची आहे. जॅझच्या रेकॉर्डचं तर आणखी वाईट. त्या नाचायला लावायच्या, त्यामुळे वाजल्याही जास्त आणि वाजवणाऱ्याच्या दुसऱ्या हातात ग्लास.

पण यातच उपाय आहे. झिजलेली पिन खाचेच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवर कोरते. त्याच्या वर किंवा खाली भिंत कधीकधी कोरी करकरीत राहिलेली असते. नंतर आलेल्या एलपी रेकॉर्डचा स्टायलस, म्हणजे सुईचं टोक, पंचवीस मायक्रॉनच्या आसपास, आणि या रेकॉर्डला लागतो सुमारे पंचाहत्तर मायक्रॉनचा. एलपीचा लावलात तर तो ओढ्यात पडलेल्या गोट्यासारखा तळाशी गडगडत जातो आणि फक्त गाळ वाजवतो. माझ्याकडे एक हजारांश इंचाच्या हिशेबात अडीच, तीन आणि साडेतीन असे स्टायलस आहेत. ज्यांनी अडीचकी आणि औटकी पाठ केली असेल त्यांना हे लगेच कळेल. सुईवरचं वजन तीन ते पाच ग्रॅम. एकच रेकॉर्ड तिन्हींनी वाजवून बघायची. अडीचनं कढईत तळण चालू असल्यासारखं वाजतं आणि औटानं, म्हणजे साडेतीननं, एकदम पडदा बाजूला होतो. माझ्या पार्लोफोनचं तसंच झालं. सहा वर्षं मी ती रेकॉर्ड गेलेली समजत होतो.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं. नंतर हॉल भजनी मंडळाला दिला आहे.’ बरं. संगणकाचा भाग तर अजून सुरूच केलेला नाही. पटपट सांगतो, गोव्याचा भाग गाळतो. म्हणजे आल्डोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत आणि ज्याचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त वाजतो, तो राहिला. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

मोनो. या रेकॉर्डमध्ये आवाज आडवा कोरलेला असतो, सुई डावी-उजवीकडे हलते. वर-खाली हलते ती नुसती खरखर. स्टीरिओ कार्ट्रिजचे, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचे, दोन्ही चॅनल एकत्र केले की वर-खालीचं एकमेकाला खातं. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा, फुकट आहे. एक भिंत जास्त बिघडलेली असेल, तर फक्त दुसऱ्या बाजूचा चॅनल घ्या.

फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज आधी वाढवणारं यंत्र. त्यात असतं ते १९५४चं आरआयएए, म्हणजे वरच्या-खालच्या सुरांचं ठरवून दिलेलं माप. ते दहा हजार हर्ट्झला जवळजवळ चौदा डेसिबल कापतं. त्या आधीच्या रेकॉर्डला ते लागू नाही. त्यातून वाजवून ‘जुन्या रेकॉर्ड बसक्याच वाजतात’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपरला नावं ठेवणं. १९२५ पूर्वीची कर्ण्यात वाजवून केलेली मुद्रणं वेगळी. १९२३ साली इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीत जॅझवाल्या किंग ऑलिव्हरनं केली तशी. तिथे शेजारून रेल्वे जायची आणि गाडी आली की काम थांबायचं. त्यांत वरच्या पट्टीत फारसं काही उतरलेलंच नाही, तिथे वरचं कापलंत तर माझी हरकत नाही. १९२८च्या विजेच्या मुद्रणात कापू नका.

वेग. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हे नुसतं नाव आहे. ऐंशीची रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरवर लावली तर सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांत रमतात. बँड बी मेजरमध्ये वाजतोय असं वाटलं तर आधी टर्नटेबलवर संशय घ्या.

आता संगणक. खरखर तीन जातींची. मोठे टक्के म्हणजे ओरखडे, त्यांना मी खडे म्हणतो. बारीक कुरकुर म्हणजे लाह्या. आणि मागचा अखंड फुसकारा. खडे निवडता येतात. इंग्लंडमध्ये जॉन आर. टी. डेव्हिस म्हणून एक गृहस्थ होते, २००४ मध्ये वारले. ते टेपवर नेमका टक्का शोधून तिथला लेप पात्यानं खरवडून काढायचे. तांदूळ निवडावेत तसं, एकेक. ते स्वतः टेंपरन्स सेव्हन या बँडमध्ये फेझ टोपी घालून वाजवायचे, १९६१ साली त्यांचं गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होतं. वाजवणाऱ्याच्या हातात पातं होतं, म्हणून सूर वाचले.

सॉफ्टवेअर काय करतं? पुढचा आवाज कसा असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाजाबाहेर टोक आलं की छाटतं. पण ट्रम्पेटची लाटच टोकदार असते. ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात म्हणजे लुई एकटा, साथीला कुणी नाही. यंत्राला ते सगळे ओरखडे वाटतात. पुढे ट्रॉम्बोनच्या मागे ड्रमवाला झटी सिंगलटन टकटक वाजवतो, तेही त्याला खडेच वाटतात. माझ्या एका स्नेह्यांनी माझ्यासाठी ही रेकॉर्ड ‘स्वच्छ’ करून दिली, नाव घेत नाही, ते इथेच बसलेत. लुई गोधडीखाली बसून वाजवतोय आणि झटी घरी गेलाय. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

म्हणून एक करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फक्त काढलेला भाग ऐकायची सोय असते. तो केर ऐका. नुसती कुरकुर असेल तर ठीक. केराच्या टोपलीतून लुई ऐकू यायला लागला की मागे फिरा, प्रमाण निम्मं करा, परत केर ऐका. आणि फुसकाऱ्याला हात लावू नका. झांज, ब्रश, फुंकीतली हवा, सगळं त्याच पट्टीत राहतं. तो काढलात की सूर संपल्यावर खोलीही संपते. अखंड आवाज कान स्वतःहून बाजूला ठेवतो. हा डाव्या कोपऱ्यातला पंखा मी उभा राहिल्यापासून कुरकुरतोय. मी सांगेपर्यंत किती जणांना ऐकू येत होता?

आता सगळ्यांनाच यायला लागला. चुकलं माझं.

भजनी मंडळ दारात उभं आहे, टाळ दिसताहेत. माउली, सव्वातीन मिनिटं द्या, आत येऊन बसा, तुम्हालाही आवडेल. औटाचा स्टायलस लावलाय, मोनो केलंय, आरआयएए बंद. शेवटच्या आवर्तनात लुई एक उंच सूर चार मात्रागट धरून ठेवतो. त्या सुराच्या मधोमध दोन खडे आहेत, मी ते काढलेले नाहीत. कुणीतरी तो पंखा बंद करा.