पत्रपेटीवरचं नाव

(दृश्य: जर्मन शहरातल्या एका इमारतीचा दरवाजा. भिंतीवर पत्रपेट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी.)

जर्मनीत पत्त्यामध्ये सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर. बस्स. पुढचं पोस्टमन पेटीवरच्या नावावरून ठरवतो आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत पाठवतो. घाना किंवा इथिओपियाहून जर्मन-आफ्रिकी देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून वर्षभरासाठी आलेल्या तरुण इंजिनिअरचं पहिल्या महिन्यातलं घोडं पुष्कळदा इथेच अडतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, त्याचा पिन वेगळ्या पाकिटातून, विम्याचं कार्ड तिसऱ्या. आणि पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव! तेव्हा बॅग उघडण्याआधी नावाची पट्टी चिकटवायची.

पण नाव कुठलं? आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव. इथिओपियात आडनाव ही भानगडच नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. जर्मन फॉर्मला मात्र आडनावाचा रकाना भरलेला लागतो. तिकिटावर आजोबा आले, विम्यावर वडील आले, की कार्यालयांच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होतात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी मशीनसाठी छापलेल्या दोन ओळी असतात. त्यांत नाव जसं आहे तसंच, अक्षरही न बदलता, भाडेकरारापासून पत्रपेटीपर्यंत सगळीकडे लिहायचं.

(दृश्य: पालिकेच्या नोंदणी कार्यालयातला टोकन क्रमांकांचा फलक.)

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला दाखला. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत या नोंदणीची वेळच दोन आठवड्यांत मिळत नाही, म्हणून ती विमानात बसण्याआधी ऑनलाइन घेऊन ठेवावी.

एवढा खटाटोप कशासाठी? २००८ साली जर्मन कंपन्यांनी 'आफ्रिका कॉम्ट' सुरू केलं. अर्थ साधा, आफ्रिका येतेय. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतले, पदवी आणि काही वर्षांचा अनुभव असलेले तरुण अधिकारी साधारण वर्षभराच्या या कार्यक्रमात आठ महिने जर्मन कंपनीत काम करतात. व्यवस्था जीआयझेड ही जर्मन सरकारी संस्था बघते. त्याहून जुना 'आसा' हा कार्यक्रम १९६० पासूनचा. त्याच्या एका प्रकारात जर्मनीतले आणि आफ्रिकेतले तरुण एकाच गटात असतात. तीन महिने सगळे जर्मनीत, मग तीन महिने तोच गट आफ्रिकेत. 'व्हेल्टव्हेर्ट्स' ही स्वयंसेवकांची योजना. २००८ मध्ये जर्मन तरुण बाहेर जाऊ लागले, उलट दिशेची वाट मात्र २०१३ च्या अखेरीस उघडली.

ही पाच वर्षं लक्षात ठेवा. एकाच बाजूची माणसं येत राहिली तर ते प्रशिक्षण. चांगलं असेल, पण त्याला भागीदारी म्हणू नये.

(दृश्य: पासपोर्टवरचा व्हिसा, जवळून.)

मुळात दाराची रुंदीच दोन्हीकडे सारखी नाही. जर्मन तरुणाला केनियाला जायचं तर जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो, शुल्क सुमारे ३० डॉलर. घानाला जाताना व्हिसाबरोबर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि तो टोचल्यानंतर दहा दिवसांनीच लागू होतो, हे अनेकांना उशिरा कळतं. त्या मानाने हा त्रास थोडाच. नैरोबीहून जर्मनीला निघालेल्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा, ७५ युरो, करारपत्र, विमा, खर्चाची हमी, बोटांचे ठसे, आणि मुलाखतीची वेळ मिळण्यातच जाणारे आठवडे. त्यामुळे निवडीचं पत्र आणि पहिला दिवस यांत सहा महिने तरी ठेवावेत. चारच महिने ठेवले की निम्मा गट वेळेवर पोचतो, उरलेले भाषावर्ग संपत आल्यावर उगवतात, आणि ती दरी वर्षभर भरून निघत नाही.

व्हिसा अनेकदा पूर्ण मुदतीचा मिळत नाही. तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा. कार्ड छापून येईपर्यंत हातात तात्पुरता कागद. या कागदावर चौकटी असतात आणि कुठल्या चौकटीत खूण आहे त्यावर सगळं ठरतं. एका प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, दुसऱ्यावर येत नाही. बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी ती खूण बघावी.

भाषेचं गणित सरळ आहे. बी वन, म्हणजे रोजचं बोलणं निभावण्याची पातळी, गाठायला ४५ मिनिटांचे साधारण ३५० ते ६५० तास लागतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ज्यांनी एवन, एटू करताना घाम गाळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अक्रा, नैरोबी, अदिस अबाबा इथे त्याच संस्थेचे वर्ग ग्योथे इन्स्टिट्यूट या नावाने चालतात. 'आमच्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात' हे कंपनीचं म्हणणं खोटं नसतं, पण ते मीटिंगपुरतं खरं असतं. कॉफीच्या यंत्राजवळ गप्पा जर्मनमध्ये सुरू होतात, आणि कुठलं काम खरोखर पुढे सरकणार हे तिथेच कळतं.

(दृश्य: कारखान्यातली बाटल्या भरण्याची लाइन.)

आता कामाकडे वळू. सर्वात जास्त वर्षं वाया जातात ती काम आधी न ठरवल्यामुळे. पाहुणा येतो, सगळे विभाग त्याला फिरवून दाखवले जातात, आणि तिसऱ्या महिन्यात तो स्लाइड्स बनवत बसलेला असतो. मानपान व्यवस्थित, काम शून्य. उपाय असा, की येण्याआधीच कामाचा एक पानी कागद करायचा. त्यावर मायदेशातल्या साहेबाची आणि जर्मन विभागप्रमुखाची, दोघांची सही. एक ठोस काम, त्याचे टप्पे, आणि कंपनीत रोज ज्याला प्रश्न विचारता येईल अशा एका माणसाचं नाव.

समजा, काम आहे घानातल्या रस भरण्याच्या लाइनसाठी देखभालीचं वेळापत्रक. जर्मनीत एखादा सेन्सर गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा हजर, म्हणून तिथलं वेळापत्रक सुटे भाग साठवत नाही. तोच सेन्सर घानातल्या टेमा बंदरात कस्टममध्ये अडकला तर लाइन आठवडेच्या आठवडे बंद. विजेचा दाब वरखाली झाला की कंट्रोल बोर्ड जळतो, आणि जर्मन मॅन्युअल स्थिर वीजपुरवठा गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. त्यामुळे खरी यादी निराळी निघते: स्टॅबिलायझर, दोन जादा बोर्ड, सीलचे संच, आणि गावातलाच लेथवाला काय बनवू शकतो याची नोंद. ही यादी जर्मनीत बसून पुरी होत नाही. कामातल्या जर्मन जोडीदाराने घानातल्या त्या लाइनशेजारी उभं राहून वीज जाताना बघितली पाहिजे. आफ्रिकेतला दुसरा टप्पा यासाठीच असतो, आणि बजेटला कात्री लागते तेव्हा आधी तोच उडतो.

एक विषय तयारीच्या आठवड्यात अर्ध्या तासात उरकला जातो, तो म्हणजे इतिहास. टोगो, कॅमेरून, नामिबिया, आजचा टांझानिया, रवांडा, बुरुंडी हे सगळे एकेकाळी जर्मन ताब्यात होते. आजच्या टांझानियात जर्मन सत्तेविरुद्ध झालेला १९०५ ते १९०७ चा 'माजी-माजी' नावाचा उठाव चिरडला गेला. त्या संहाराबद्दल जर्मन राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी १ नोव्हेंबर २०२३ रोजी टांझानियातल्या सोंगेआ इथे क्षमा मागितली. टांझानियाच्या मुलीला हे शाळेपासून ठाऊक असतं. शेजारच्या खुर्चीतला जर्मन जोडीदार ते तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा खोलीत जी शांतता पसरते तिला अर्धा दिवस द्यावा.

(दृश्य: लेटरहेडवरचं प्रशस्तिपत्र.)

मुदत संपताना कंपनी लेखी प्रशस्तिपत्र देते. त्याची सांकेतिक भाषा आहे. 'श्टेट्स त्सू उन्झेरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे सदैव आमच्या पुरेपूर समाधानानुसार. हा पहिला वर्ग. 'सदैव' आणि 'पुरेपूर' दोन्ही गाळून नुसतं 'आमच्या समाधानानुसार' राहिलं तर काठावर पास. लागोसमधल्या साहेबाला दोन्ही वाक्यं कौतुकाचीच वाटतात, जर्मन वाचणाऱ्या पुढच्या कंपनीला नाही. शेवटच्या आठवड्याआधी मसुदा मागून घ्यावा, शब्द मोजावेत, बदल सुचवावेत. त्यात उद्धटपणा काही नाही.

निघण्याआधी पालिकेत पत्त्याची नोंद रद्द करायची आणि रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या शुल्काचं खातंही बंद करायचं. नाहीतर महिना १८.३६ युरोची बिलं रिकाम्या खोलीच्या पत्त्यावर येत राहतात.

आणि कंपनीचा ईमेल. शेवटच्या दिवशी तो बंद होतो आणि त्याबरोबर आराखडे, चाचण्यांचे आकडे, आठ महिन्यांत जोडलेली माणसं, सगळं जातं. गोपनीयतेचा करार आधीच झालेला असतो, म्हणून हळूच पेनड्राइव्हवर उतरवून घेणं हा मार्ग नव्हे. सहाव्या महिन्यातच यादी करायची: कुठल्या फायली मायदेशी न्यायच्या, परवानगी कोण देणार, आणि घानातली लाइन बंद पडली तर तिकडून फोन कोणाच्या टेबलावर वाजणार. त्या माणसाचा थेट नंबर, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचा.

(दृश्य: पत्रपेटीवरची पट्टी काढणारा हात. खाली आधीच्या पट्टीचा डिंक.)