कमाटीबागेतला देवमासा

[दृश्य : कमाटीबाग, रविवारची गर्दी. बडोदा संग्रहालयाचं दार.]

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत पाहुणे आले की त्यांना एकदा कमाटीबागेत न्यायचंच. संग्रहालयातली ममी बघून होते, आणि पोरं धावतात ती इकडे. निळ्या देवमाशाच्या सांगाड्याकडे.

[दृश्य : पुढच्या अवयवाची हाडं, जवळून.]

इथे जरा थांबा. या पराच्या आत बोटांची हाडं आहेत. कुठल्याही माशाच्या परात ती मिळायची नाहीत.

तरीही स्वीडनच्या कार्ल लिनिअसने 1735 साली सजीवांची मांडणी छापली, तेव्हा देवमासे माशांतच घातले. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे अॅरिस्टॉटल कधीच लिहून गेला होता! 1758च्या दहाव्या आवृत्तीत मात्र लिनिअसने त्यांना तिथून उचललं आणि सस्तन प्राण्यांत आणलं. गरम रक्त, फुप्फुसं, दूध ही कारणं. बाहेरच्या रूपापेक्षा आतली रचना वजनदार ठरली.

1859 नंतर, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकामुळे, साम्य मोजणारे लोक वंशावळ शोधू लागले. तोंड उघडं ठेवून पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, असं डार्विनने लिहिलं. एवढी टिंगल झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने ते आवरतं घेतलं.

[दृश्य : पाणघोडा, पाण्यातून डोकं वर.]

खरी गंमत पुढे आहे. दातांवरून जीवाश्मतज्ज्ञ म्हणत होते, देवमाशाचे पूर्वज म्हणजे खुरांचे, मांस खाणारे, आता नामशेष झालेले प्राणी. 1990च्या दशकात डीएनए वाचणारे म्हणाले, छे, जवळचा नातेवाईक पाणघोडा. जीवाश्मवाल्यांना हे पटेना. मग 2001 साली पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचं हाड जाहीर झालं : दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच. अशी खाच गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांच्याच घोट्यात असते. हाडांनीही डीएनएच्या बाजूने साक्ष दिली.

आपल्या कच्छमध्येही चार कोटी वर्षांहून जुन्या खडकांत पाय असलेले देवमासे सापडलेत. त्यातल्या एकाचं नावच कच्छीसीटस.

थोडक्यात, गाईला घोड्यापेक्षा देवमासा जवळचा. आता मतभेद उरलाय तो नावाचा : समखुरी प्राण्यांच्या जुन्याच गटात देवमासे मोजायचे, की दोघांची नावं जोडून नवं नाव वापरायचं? शास्त्रीय लिखाणात दोन्ही चालू आहेत.